लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही

रात्री दीड वाजता भाचीचा फोन. ‘मावशी, उजव्या डोळ्यातली लेन्स मागे गेली. अर्धा तास झाला, निघतच नाहीये.’ मैत्रिणीची हळद उरकून ती पुण्यात हॉस्टेलवर परतली होती. सकाळी सातला लावलेल्या लेन्स, नखांत हळद आणि आवाजात रडू. ‘आधी डोळ्यातून बोट काढ,’ मी म्हणाले.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं लेन्स लावते आहे, आणि तिच्या वयाची असताना मीही एकदा असाच धिंगाणा घातला होता. तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी जे सांगितलं ते आजवर उपयोगी पडतंय. अडकलेली लेन्स तासभर डोळ्यात राहिली म्हणून सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते ती काढायच्या घाईत. जुलै २०२४मध्ये लेन्स लावल्यावर एका टीव्ही अभिनेत्रीच्या डोळ्याला इजा झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लेन्स मेंदूत जाते’ इथपर्यंत मजल गेली होती. तिथूनच सुरुवात करू.

मागे जायला वाटच नाही

आरशासमोर उभं राहून खालची पापणी जरा ओढा. आत ओलसर गुलाबी पडदा दिसेल. ‘डोळे येतात’ तेव्हा लाल होतो तो हाच. डॉक्टर त्याला कंजंक्टायव्हा म्हणतात, आपण अस्तर म्हणू. हे अस्तर पापणीच्या आतल्या बाजूने मागे जातं, तिथे दुमडतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून पुढे येऊन बुबुळाच्या कडेला संपतं. म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक बंद खिसा तयार होतो. वर एक, खाली एक. वरचा जास्त खोल.

परकराची नाडी नेफ्यात आत गेली की आपण काय म्हणतो? ‘नाडी गेली.’ पण जाते कुठे? नेफ्यातच असते. बाहेरून चिमटीत धरून सरकवत आणली की तोंडाशी येते. लेन्सचं तसंच आहे. ती वरच्या पापणीखाली सरकते, तिथे घडी पडून बसते, दिसेनाशी होते. पण नेफा शिवलेला आहे, त्यापलीकडे तिला जाता येत नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर इंग्लंडमधल्या एका बाईंची गोष्ट ऐका. सोलिहल इथल्या रुग्णालयात ६७ वर्षांच्या या बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. भूल देताना डोळ्यात निळसर गोळा दिसला. चिकट स्रावाने एकमेकींना धरून बसलेल्या १७ लेन्सचा तो गोळा होता. नंतर तपासल्यावर आणखी १० निघाल्या. बाई ३५ वर्षं महिन्याला बदलायच्या लेन्स वापरत होत्या, आणि डोळ्याला होणारा त्रास वयामुळे किंवा कोरडेपणामुळे असेल असं समजत होत्या. २०१७मध्ये हे प्रकरण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं आणि जगभर गाजलं. ऑपरेशन अर्थात पुढे ढकलावं लागलं, कारण इतक्या घाणीत जंतूंची भीती. पण मुद्दा बघा: सत्तावीसच्या सत्तावीस लेन्स त्या खिशातच होत्या. मागे एकही गेली नव्हती.

याला एक अपवाद आहे, तोही सांगून टाकते. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका ४२ वर्षांच्या बाईंच्या वरच्या पापणीत गाठ आली होती. गाठ काढली तर आत कडक लेन्स! चौदाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना डोळ्यावर शटल आदळलं होतं. लेन्स बाहेर पडून हरवली असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि ती २८ वर्षं पापणीच्या मांसात रुतून बसली होती. म्हणजे मार लागला, जखम झाली, तर नेफ्याची शिवण उसवू शकते. अशा वेळी घरी शोधाशोध करायची नाही. पण तिथेसुद्धा ती पापणीत होती, डोळ्यामागे नव्हती.

मग चिकटते कशी?

बुबुळाच्या वरती घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक थर असतो, तो कॉर्निया. नेत्रदानात प्रामुख्याने जो उपयोगी पडतो, तोच. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ऑक्सिजन त्याला मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. मज्जातंतू मात्र ठासून भरलेले. एक केस गेला तरी आपण कासावीस होतो ते म्हणूनच.

मऊ लेन्स साधारण १४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे कॉर्नियापेक्षा थोडी मोठी. ती कॉर्नियावर टेकलेली नसते, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते, आणि दर वेळी पापणी मिटली की किंचित हलते. हे हलणं महत्त्वाचं. त्याने खालचे अश्रू बदलत राहतात.

ही लेन्स मऊ असते कारण ती पाणी धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकची असते. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्यातून आणि सायकलच्या डायनॅमोतून यंत्र जोडून पहिल्या चांगल्या मऊ लेन्स बनवल्या. आज काही लेन्सचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतो. पाणी आहे तोवर सगळं ठीक. एसी बसचा रात्रभराचा प्रवास, डोक्यावर गरगरणारा पंखा, मे महिन्याची झळ किंवा मोबाईलकडे टक लावून बघणं (तेव्हा आपण पापण्या कमी मिटतो), यांपैकी काहीही पुरेसं असतं. लेन्स वाळते, आक्रसते, खालचा अश्रूंचा थर आटतो आणि ती जागीच बसते.

जेवणानंतर ताट तसंच ठेवलं की त्यावर भाताची शितं कशी वाळून बसतात? नखाने खरवडली तर नखही दुखतं आणि शीतही तुटतं. त्यावर पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की बोट लावताच सुटतात. अडकलेल्या मऊ लेन्सचा सगळा उपचार एवढाच आहे. फक्त ‘पाणी’ कोणतं, ते पुढे सांगते.

लेन्स लावून झोपलं की हेच जास्त जोरात होतं. पापण्या बंद, हवा बंद, अश्रू कमी. जंतुसंसर्गाचा धोका अशाने सहा ते आठ पट वाढतो, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. बसमध्ये लागलेली डुलकीही झोपच असते.

आधी बघा, ती आहे का

भाचीला मी दुसरी गोष्ट विचारली ती ही: ‘डावा डोळा झाक. उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय?’ तिचा नंबर उणे पाच. लेन्स जागेवर असती तर तारखा दिसल्या असत्या. ‘नाही, सगळं धूसर.’ म्हणजे अर्धा तास ती ज्यावर चिमटे काढत होती ती लेन्स नव्हती. उघडा कॉर्निया होता.

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चिमट्याने कॉर्नियावर ओरखडा उमटला की डोळ्यात काहीतरी आहे असं वाटत राहतं, म्हणून आपण आणखी चिमटे काढतो आणि ओरखडा वाढत जातो. लेन्स कधीच निघून बेसिनच्या कडेला, टॉवेलवर नाहीतर गालाला चिकटलेली असते. तेव्हा अंधुक दिसत असेल तर आधी आजूबाजूला शोधा. वाळलेली लेन्स पातळ कडक टरफलासारखी दिसते. दुसऱ्या डोळ्यात चुकून दोन लावल्या नाहीत ना, तेही बघा. हसू नका, होतं असं.

नंतर चांगल्या उजेडात आरशाजवळ जा. बऱ्याच मऊ लेन्सना हाताळायला सोपं जावं म्हणून हलकी निळसर झाक दिलेली असते. बुबुळाच्या जरा बाहेर, पांढऱ्या भागावर, बारीक गोल रेघ दिसली तर लेन्स जागेवर आहे आणि फक्त चिकटली आहे. रेघ नसेल तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघत पांढरा भाग तपासा. कुठेच दिसत नसेल, पण वरच्या पापणीखाली काहीतरी टोचत असेल, तर ती नेफ्यात गेली असावी.

जागेवरच चिकटली असेल तर

हात साबणाने धुवा, वाहत्या पाण्याखाली नीट खळखळून, आणि सूत न सुटणाऱ्या स्वच्छ कपड्याने कोरडे करा. पदराला पुसू नका. मिरची चिरली असेल, हळद लागली असेल तर दोनदा धुवा. नखं वाढलेली असतील तर शक्य असल्यास कापूनच टाका. लग्न उद्या असलं तरी.

आता थेंब. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब, कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब किंवा डोळ्यासाठी चालणारं निर्जंतुक सलाईन. चार-पाच थेंब सोडा आणि डोळा मिटून बसा. खरंच बसा, खुर्चीवर. पाच मिनिटं. मग सावकाश उघडझाप करा. पुन्हा थेंब. मिटलेल्या पापणीवरून बोटाच्या पेराने अगदी हलका हात फिरवा, तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल लावताना फिरवतो तितकाच. थोड्या वेळाने लेन्स हलायला लागल्याचं जाणवतं. वाट बघण्याचा हा भाग लोकांना जमत नाही. एक थेंब टाकून लगेच चिमटा काढतात.

लेन्स हलली की वर बघा, खालची पापणी एका बोटाने धरा आणि तर्जनीच्या पेराने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवा. तिथे अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी हलकेच धरून उचला. पांढऱ्या भागाला स्पर्श तितका झोंबत नाही आणि तिथे ओरखडाही तेवढा घातक नसतो. चिमटी बुबुळावर कधीच नाही.

एक सावधगिरी. लेन्स साफ करायच्या काही द्रावणांत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. त्या बाटलीचं झाकण बहुधा लाल असतं. ते थेट डोळ्यात गेलं तर भाजल्यासारखी आग होते. रात्री दीडला, चष्म्याशिवाय, धूसर नजरेने बाटली उचलताना ही चूक सहज होते. दुसऱ्या कोणाकडून तरी लेबल वाचून घ्या.

वरच्या पापणीखाली गेली असेल तर

भाचीची तिथेच गेली होती. लेन्स जिकडे सरकलीय त्याच्या उलट दिशेला बघायचं, हा नियम. वर गेली तर खाली बघा. मान सरळ ठेवून नजर पार पायाच्या अंगठ्याकडे. त्याआधी थेंब घालून झालेले असावेत. मग डोळा मिटून वरच्या पापणीवरून, भुवईकडून पापण्यांच्या केसांकडे, हलक्या हाताने खाली आणत राहायचं. नाडी सरकवतो तशी. मध्येच डोळा उघडून उघडझाप करायची, पुन्हा थेंब, पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला ती ओरडली, ‘आली! कोपऱ्यात आली!’ अर्धी घडी पडलेली, बुळबुळीत, नाकाकडच्या कोपऱ्यात. एका पेराने तिथून उचलली.

दोन-तीन वेळा असं करूनही आली नाही तर थांबायचं. काही जण काडीवर पापणी उलटी करून आतून लेन्स उचलतात. ज्यांना नेमकं कसं ते शिकवलंय त्यांनी करावं. रडून लाल झालेल्या डोळ्याने पहिलाच प्रयोग मध्यरात्री करू नये, असं माझं मत.

कडक लेन्सचा न्याय वेगळा

काही जण, विशेषतः कॉर्नियाला शंकूसारखा उंचवटा आलेले रुग्ण, कडक लेन्स वापरतात. ती लहान असते, साधारण नऊ-दहा मिलिमीटरची, आणि वाकत नाही. ती चिकटते ती पोकळी तयार झाल्यामुळे, ओल्या ओट्यावर पालथी घातलेली वाटी बसते तशी. वाटी सरळ वर ओढली तर येत नाही. कडेला जरा दाबून आत हवा शिरू दिली की लगेच सुटते.

म्हणून कडक लेन्सवर पापणीवरून चोळायचं नाही. तिची कड कॉर्नियाला खरवडू शकते. थेंब घाला, आणि लेन्सच्या कडेला अगदी लागून, पांढऱ्या भागावर, बोटाच्या पेराने हलका दाब द्या. तेवढ्याने पोकळी फुटते. अशा लेन्ससोबत रबराचा छोटा चूषक मिळतो, तोही चालतो, पण लेन्स डोळ्यात दिसत असेल तरच. उघड्या कॉर्नियावर तो लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने जखम करणं.

‘नळाचं पाणी मारलं तर काय बिघडतं?’

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. डोळ्यात काही गेलं की पाणी मारायचं असं आपल्याला आईने शिकवलंय. पण लेन्स डोळ्यात असताना दोन अडचणी आहेत.

पहिली मिठाची. अश्रू खारट असतात, म्हणून सलाईनही तितकंच खारट, लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ. नळाचं पाणी गोडं. बेदाणा गोड्या पाण्यात टाकला की फुगतो, तशी मऊ लेन्स गोडं पाणी शोषून आकार बदलते आणि डोळ्याला आणखी घट्ट बसते. मे महिन्यात विहिरीत किंवा तलावात पोहून आल्यावर लेन्स निघत नाहीत, त्याचं कारण हेच. (तेव्हाही उपाय तोच: थेंब आणि धीर.) मग घरीच मीठपाणी बनवू का? नको. खारटपणा जमेलही, निर्जंतुकपणा जमणार नाही.

दुसरी अडचण गंभीर आहे. पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असतो. नळाच्या, टाकीच्या, तलावाच्या, सगळ्याच. एरवी तो आपल्याला फारसं काही करत नाही. पण लेन्सच्या आडोशाने कॉर्नियात शिरला तर भयंकर वेदना, कित्येक महिन्यांचे उपचार आणि कधीकधी दृष्टीच जाते. हे क्वचितच होतं, पण लेन्स वापरणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो. बिसलेरी, आरओ, उकळून गार केलेलं, यांतलं काहीही सलाईनची जागा घेऊ शकत नाही.

मात्र डोळ्यात ॲसिड, फिनाईल किंवा तंबाखूच्या पुडीतला चुना उडाला, तर हा सगळा परिच्छेद विसरा. त्या क्षणी मिळेल ते स्वच्छ पाणी भरपूर, सलग, पंधरा-वीस मिनिटं. लेन्स वाहून निघाली तर उत्तम, सहज हाती आली तर काढा, पण तिच्यासाठी धुणं थांबवू नका. आणि थेट दवाखाना.

‘आणि गुलाबपाणी?’

नाही. मध, दूध, एरंडेल, थुंकी, काहीच नाही. दुकानातून आणलेले ‘लाल डोळ्याचे’ थेंबही नाहीत. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असतं, आणि जंतुसंसर्ग सुरू होत असेल तर ते आगीत तेल ओततं.

‘सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?’

डोळा फक्त वैतागलेला असेल, जरासा लाल, थोडी चुरचुर, तर थेंब घालत तासभर बघता येतं. पण सगळे उपाय करूनही लेन्स निघत नसेल तर झोपून टाकणं हा उपाय नव्हे. त्याच दिवशी, रात्र असेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा फोनवर उपलब्ध असणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, चिकट पू येत असेल, लेन्स निघूनही अंधुकच दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर घरी एकही प्रयोग नको. जाताना लेन्सची डबी आणि द्रावणाची बाटलीही सोबत न्या. संसर्ग असेल तर डॉक्टर डबीतलं पाणीही तपासायला पाठवू शकतात.

तिथे काय करतात याची धास्ती घेण्याचं कारण नाही. हनुवटी टेकवून बसवतात आणि दुर्बिणीसारख्या दिव्याच्या यंत्रातून बघतात. गरज पडली तर बधिर करणारा थेंब टाकून पापणी उलटतात. कागदी पट्टीवरचा एक केशरी रंग डोळ्यात सोडतात. निळ्या उजेडात तो रंग हिरवट चमकतो आणि जिथे ओरखडा असेल तिथे साचून राहतो. मऊ लेन्सही तो शोषून घेते, त्यामुळे लपलेला तुकडासुद्धा उजळून दिसतो. ती लेन्स मग वापरायची नाही, हळदीने रंगलेल्या पांढऱ्या सदऱ्यासारखी वाया गेली असं समजायचं.

निघाल्यावर

लेन्स तळहातावर ठेवून अख्खी आहे का बघा. फाटली असेल तर तुकडे जुळवून गोल पूर्ण होतोय का ते तपासा. एक कपचा कमी असेल तर तो डोळ्यातच आहे असं धरून थेंब घालत राहा, नाहीतर डॉक्टरांकडून तपासून घ्या. अडकलेली लेन्स पुन्हा वापरू नका. महाग असली तरी. निदान एक दिवस चष्मा, आणि डोळा पूर्ण पांढरा, शांत झाल्यावरच नवी जोडी.

वारंवार असं होत असेल तर दोष बहुधा तुमच्या हाताचा नसतो. लेन्सचं माप घट्ट असेल किंवा डोळे कोरडे पडत असतील. तिची वक्रता बदलून मिळते, रोज टाकून द्यायच्या लेन्स मिळतात. पार्लरमध्ये नंबर न तपासता विकल्या जाणाऱ्या रंगीत लेन्सबद्दल मात्र मी काही सौम्य लिहू शकत नाही. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो.

भाचीला मी सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलंच. लेन्सने काहीच केलेलं नव्हतं. कॉर्नियावर दोन ओरखडे होते, नखांचे. चार दिवस थेंब, आठवडाभर चष्मा. लग्नाच्या फोटोंत सगळ्या मैत्रिणींत ती एकटीच चष्म्यात आहे, आणि त्या चष्म्याच्या काडीवर हळदीचा डाग अजून तसाच आहे.